परसातली कण्हेर

आमच्या बेळगावच्या परसात कण्हेर आहे. शेजारच्या अक्का तिला ‘कणगिले’ म्हणतात. दोन्ही घरच्या पूजेला फुले तिचीच. पण पान, साल, मूळ सारे विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारे. हिरवे पान कडू, म्हणून शेळी सहसा तोंड लावीत नाही. वाळून चाऱ्यात मिसळले की तिला कळत नाही, विष मात्र कायम! म्हणून छाटणीनंतर आजी एकेक पान वेचून पुरते; जाळू देत नाही, धूरही वाईट. दादा म्हणतो, झाडच तोडू या. आजी ऐकत नाही. मी शेळीच्या बाजूची.

त्यात वहिनीने डिफेनबाखियाची कुंडी आणली. पानात सुयांसारखे स्फटिक. मांजराने चावले की तोंड सुजते. कुंडी आता कपाटावर आहे, आणि मनी कपाटावर चढायला शिकते आहे.