गाडी चुकलेल्यांचं पिठलं

मे महिना लागला की मुंबईतल्या आमच्यासारख्या घरांना गावचे वेध लागत. पत्ता गिरगावचा असो, परळचा नाहीतर डोंबिवलीचा, सामान ठरलेलं: होल्डॉल, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि गावच्यांसाठी चहा पावडर न् खारीचा डबा. कोकण रेल्वे मुंबईपासून थेट शेवटपर्यंत सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधी ज्यांचं बालपण सरलं त्यांच्या वाट्याला लाल एसटी. हल्ली तिच्याबद्दल फार गोड गोड बोललं जातं. बोलणाऱ्यांपैकी किती जण तिच्या मागच्या बाकावर बसून कशेडीचा घाट उतरलेत, हे एकदा विचारायला हवं.

राजापूरपर्यंतचा रस्ता आम्हाला पाठ होता तो कोण कुठे ओकतं त्यावरून. वडखळपर्यंत सगळे शहाण्यासारखे. माणगावला आवळासुपारीचं पहिलं वाटप. पोलादपूर मागे पडून घाटाची वळणं सुरू झाली की ज्या खिडकीसाठी पहाटे मारामारी झालेली असे, ती गाडी लागलेल्याला बिनविरोध मिळे. खेडजवळ भोस्त्याचा घाट, चिपळूणच्या अलीकडे परशुरामाचा. चिपळूण आलं की मोठी माणसं ‘निम्म्याहून जास्त झालं’ म्हणत, आणि उरलेलं निम्म्याहून कमी कधीच वाटत नसे.

मध्ये जेवणासाठी गाडी थांबे, तिथलं जेवण म्हणजे शिक्षाच. पाण्यात पोहणारी उसळ, सकाळी कधीतरी तळलेले वडे आणि ‘लवकर आटपा’चा धोशा. घरून आणलेल्या दशम्या न् बटाट्याची भाजी महाडच्या आधीच संपलेली असायची, कारण भूक नसली तरी कंटाळा होता.

त्यात एखाद्या वर्षी गाडीचा पाटा तुटे. मग संगमेश्वरच्या आसपास कुठेतरी एका झाडाखाली पन्नासेक माणसं, बोचकी, एखादी कोंबडी. कंडक्टर मागून येणाऱ्या गाड्यांना हात करून दोघंदोघं, तिघंतिघं कोंबत राही. आमच्यासारख्या सहा माणसं न् नऊ नग असलेल्या बिऱ्हाडाला कोण घेणार? राजापुरात पोचेस्तोवर गावाकडची वस्तीची गाडी निघून गेलेली. पुढचा प्रवास चिऱ्याच्या रिकाम्या ट्रकमधून फाट्यापर्यंत, आणि तिथून बॅटरीच्या उजेडात पायी.

पण दिवस खरा नासायचा तो घाटानं किंवा पाट्यानं नाही. ‘तरी मी म्हणत होते, आदल्या रात्रीची गाडी धरा’ हे वाक्य आईनं हातखंब्याला उच्चारलेलं असे. त्यानंतर बाबा गप्प, बाबा गप्प म्हणून आई गप्प, आणि मोठी गप्प असली की पोरं एकमेकांना चिमटे काढणार. वर्षभर ज्या सुटीची वाट पाहिली, तिची सुरुवात अशी कुणाचंच कुणाशी धड नसताना व्हायची.

घराच्या पायऱ्यांशी कंदील हलताना दिसे. काका बैलगाडी घेऊन शेवटच्या एसटीपर्यंत फाट्यावर थांबून परतलेले असत, त्यामुळे तेही जरा घुश्श्यातच. काकू मात्र पहिलंच वाक्य बोले, ‘न्हाणीत पाणी गरम आहे.’

आई म्हणे, ‘वहिनी, आता काही करत बसू नका हो. आम्ही खाल्लंय वाटेत काहीतरी.’

‘काहीतरी म्हणजे काय खाल्लंत?’

याला उत्तर नसे. तोवर चुलीतली राख सारून निखाऱ्यांवर शेणकुटाचा तुकडा पडलेला असे. रोजचा उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, म्हणून अशा वेळी सुरय तांदूळ निघे. दुसऱ्या बाजूला कुळथाचं पिठलं. भाजून, भरडून, दळून ठेवलेलं कुळथाचं पीठ कोकणातल्या घरात बारमाही डब्यात असायचंच; त्याला ना भाजी निवडायला लागते, ना काही भिजत घालायला. काकू ते गार पाण्यात कालवून ठेवी, म्हणजे गुठळी होत नाही. तेलात ठेचलेला लसूण लाल झाला, हिंग-मिरची पडली की पाणी, मीठ, दोन आमसुलं. उकळी फुटली की कालवलेलं पीठ एका हातानं ओतायचं न् दुसऱ्या हातानं पळी फिरवायची. पिठलं रटरटून हातावर उडू लागलं की वर मूठभर ओलं खोबरं. आम्ही न्हाणीतून ओल्या पायांनी येईतो भाताची पेज निवळलेली असे.

केळीची पानं आधीच पुसून तयार. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, हा तिथला दंडक. म्हणजे पानं संध्याकाळीच कापलेली होती, माणसं मोजून, आणि काकांनी ‘आज काही येत नाहीत ते’ असं सांगितल्यावरही ती कुणी गोठ्यात टाकलेली नव्हती.

पहिल्या भाताला कुणी बोलत नसे. आळ्यात पिठलं, वर तुपाची धार, कडेला निखाऱ्यावर भाजलेला पोह्याचा पापड न् तळलेली सांडगी मिरची. आमसुलाच्या त्या आंबटपणानं दिवसभर कडवटलेली जीभ सुटायची. दुसऱ्या भाताला बाबा घसा खाकरून म्हणत, ‘अरे, तो पाटा तुटला ना तेव्हा काय झालं…’ आणि कोंबडीवाल्याची नक्कल सुरू. जे झाडाखाली चार तास रडवेलं वाटत होतं, त्यावर आई पदर तोंडाला लावून हसत असे, आणि मध्येच ‘तसं नाही, आधी कोंबडी पळाली’ अशी दुरुस्ती करी. बाबा ती दुरुस्ती मान्य करत, तेव्हा काकाही हसत. हातखंब्याचं भांडण तिथं मिटायचं, माफीबिफी न मागता. काकू मात्र सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या बुडाची खरपुडी काढून घेऊन जेवायला बसे, आणि तीच तिला आवडते असं आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मग रायवळ आंब्यांचा रस, ओल्या काजूंची उसळ, सांदणं. त्यातलं कुठल्या साली काय खाल्लं, ते आमच्यातल्या कुणालाही सांगता येणार नाही.

आता कशेडीला बोगदा झाला, आणि आम्ही भावंडं पुणे, ठाणे, न्यू जर्सी अशी पांगलो. धाकटीचं विमान कधी रखडलं की ती घरी पोचून रात्री-अपरात्री दादरहून नेलेलं कुळथाचं पीठ कालवते न् फोटो धाडते. लगेच कुणीतरी लिहितं की खोबरं आधी घालतात. दुसरा म्हणतो, काकूच्या पिठल्यात खोबरं नव्हतंच. मग निदान दोन दिवस बाकीच्या कामांना कुणी हात लावत नाही.