मयसभेंतील दोन दिवस

मुलाकडे परदेशीं जाऊन आलेल्या मातापितरांचीं प्रवासवर्णनें अलीकडे विपुल झालीं आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालावी असें मनांत नव्हतें. परंतु २०१९ सालच्या डिसेंबरांत माझ्या हातून जी एक चूक घडली व जी दुसऱ्याच दिवशीं सुधारावयास मिळाली, ती लिहून ठेविल्यास कोणा समवयस्क गृहस्थाच्या उपयोगीं पडेल, एवढ्याच हेतूनें हा लेखप्रपंच.

आमचे चिरंजीव त्या वेळीं कॅलिफोर्नियांत, लॉस एंजल्स शहराजवळ राहत होते. नाताळ जवळ आला तेव्हां त्यांनीं व सूनबाईंनीं बेत केला कीं, १४ व १५ डिसेंबर, म्हणजे शनिवार-रविवार, आम्हां उभयतांस अनाहाइम येथील डिस्नेलँड पाहावयास पाठवावयाचें. बरोबर कोणी नाहीं. “तुम्ही दोघेंच जा,” असा त्यांचा आग्रह. सांगावयास संकोच वाटतो, पण छत्तीस वर्षांच्या संसारांत आम्ही दोघेंच असे कोठें गेलोंच नव्हतों. काशी झाली ती आईसमवेत, पंढरपूर झालें तें चुलत्यांच्या कुटुंबासमवेत, आणि बाकीच्या सुट्या घरांतील लग्नकार्यांत गेल्या.

या स्थानाचा इतिहास थोडक्यांत असा. वॉल्ट डिस्ने या चित्रपटनिर्मात्यानें नारिंगांच्या बागांची १६० एकर जमीन घेऊन तेथें सुमारें वर्षभरांत ही क्रीडानगरी उभी केली, आणि १७ जुलै १९५५ रोजीं ती उघडली. आंत शिरतांच विसाव्या शतकाच्या आरंभींच्या अमेरिकन गांवाची पेठ लागते. तिच्या टोंकास निद्रिस्त राजकन्येचा प्रासाद आहे. बव्हेरियांतील नॉयश्वानस्टाइन हा राजवाडा नजरेपुढें ठेवून तो रचिला आहे. नाताळानिमित्त त्याच्या शिखरांवर कृत्रिम हिम व दीपमाळा चढविल्या होत्या. हा प्रासाद दिसतो उत्तुंग. वस्तुतः त्याची उंची अवघी ७७ फूट. खालचे चिरे मोठे व वरचे क्रमाक्रमानें लहान केल्यामुळें दृष्टि फसते. पेठेंतील घरांचे वरचे मजलेही याच युक्तीनें आखूड ठेविले आहेत. पांडवांच्या मयसभेंत दुर्योधन फसला आणि फसल्याबद्दल चिडला. येथें मनुष्य पैसे मोजून फसावयास येतो आणि हंसत परततो. हें सर्व मीं आमच्या सौभाग्यवतींस पाव तास समजावून सांगितलें. शिक्षकाची खोड! तिनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, “लहान असून मोठा दिसतो, तर दिसूं द्या कीं.”

प्रासादाच्या मागील चौकांत राजा आर्थरच्या नांवाचा एक फिरता पाळणा आहे. मूळचा १९२२ सालचा हा पाळणा कॅनडांतील टोरोंटो येथून आणिलेला. त्याचे घोडे सगळे शुभ्र आणि सगळे झेप घेत असलेले. सौ. तेथें बराच वेळ थांबली. मग, घरांत कोणतीही गोष्ट विचारून करावयाची या सवयीनें, तिनें विचारलें, “अहो, मी बसूं का?”

मी म्हटलें, “हें का आपलें वय घोड्यावर बसण्याचें? लोक काय म्हणतील?”

“बरें,” एवढेंच म्हणून ती पिशवी सांवरून चालूं लागली.

रात्रीं आतषबाजी झाली आणि लगेच पेठेवर हिमवर्षाव सुरू झाला. सौ. नें एक कण तळहातावर घेऊन बोटांनीं चोळला. “साबणाचा फेस आहे हा,” ती म्हणाली. तें खरेंच होतें. एकत्र कुटुंबाचीं धुणीं धुतलेल्या हातांस साबण काय फसविणार! आणि तरीही ती मान वर करून तो फेस तोंडावर झेलीत उभी राहिली. मी मात्र छत्री उघडून बाजूस झालों.

त्या रात्रीं पथिकाश्रमांत मला झोंप लागेना. १९८३ सालीं, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेंत, ती अशीच पाळण्यापुढें थांबली होती. आई बरोबर होती. मीं पाहून न पाहिल्यासारखें केलें होतें. त्यानंतर तिनें पाळण्याचें नांव काढलें नाहीं, तें थेट आज काढलें होतें.

रविवारीं सकाळीं पेठेंतील नाट्यगृहांत शिरलों. तेथील दालनांत एक साधा, जुना बांक ठेविलेला होता. लॉस एंजल्सच्या ग्रिफिथ उद्यानांत डिस्ने आपल्या दोन मुलींना फिरत्या घोड्यांवर बसवी आणि स्वतः बांकावर बसून राही. थोरांनाही मुलांबरोबर खेळतां येईल अशी जागा असावी, हा विचार त्यास तेथें सुचला. त्या उद्यानांतील बांक येथें जपून ठेविला आहे. योगायोग असा कीं, तो दिवस डिस्नेच्या पुण्यतिथीचा होता. १५ डिसेंबर १९६६ रोजीं तो वारला. पेठेंतील अग्निशामक बंबांच्या घरावर त्याची खोली आहे, आणि तिच्या खिडकींत त्याच्या स्मरणार्थ दिवा तेवत ठेवितात. आम्ही तोही पाहिला. माझ्या मनांतून मात्र बांक जाईना. त्या मनुष्यास बांकावर बसून राहणें टोंचलें, म्हणून त्यानें एक नगरी उभारिली. मी त्याच बांकावर उभा जन्म बसलों, आणि शेजारीं तिलाही बसवून ठेविलें.

आम्ही चौकांत परतलों. मी म्हटलें, “चल, बसूं.”

“लोक काय म्हणतील?” ती म्हणाली.

“त्यांना आपली भाषा येत नाहीं.”

निऱ्या आवरून, तेथील सेवकाच्या साहाय्यानें ती घोड्यावर चढली, शेजारच्यावर मी. पहिल्या फेऱ्यास तिनें दोन्ही हातांनीं दांडा धरून डोळे मिटले होते. दुसऱ्यास उघडले. तिसऱ्यास एक हात सोडून पुढच्या घोड्यावरील चिमुरडीस खुणावूं लागली. तिचा घोडा वर जाई तेव्हां माझा खालीं येई, आणि मला मान वर करून तिच्याकडे पाहावें लागे. दोन-तीन मिनिटांचा खेळ, पण उतरल्यावर तिनें विचारलें नाहीं, सांगितलें: “आणखी एकदां बसावयाचें.”

पुढें तीनच महिन्यांनीं, १४ मार्च २०२० पासून, साथीमुळें ती नगरी बंद झाली व ३० एप्रिल २०२१ रोजीं पुन्हां उघडली. आम्ही तोंवर स्वदेशीं परतलों होतों, आणि तिकडे जाण्याचा योग पुन्हां आलेला नाहीं. ‘पुढच्या खेपेस बसूं’ असें त्या रविवारीं म्हटलें असतें, तर तें तसेंच राहिलें असतें.

आमच्या गांवच्या जत्रेंत पाळणा अजून येतो. त्याच्या तिकिटासाठीं रांगेंत हल्लीं मी उभा असतों. सौ. पुढें जाऊन कोणत्या पाळण्यांत बसावयाचें तें ठरवून ठेविते.