परळ की परळी

१७ सप्टेंबर २०२५, बुधवार
बीडला गाडी आली एकदाची. मार्ग मंजूर झाला १९९५ ला, तेव्हा थोरला बालवाडीत. स्टेशनात उभं राहायला जागा नव्हती. हिला म्हटलं चल, तर म्हणाली, तुम्हीच या बघून. गाठ दुखते म्हणत होती.

२० सप्टेंबर
रिपोर्ट आला.

२३ सप्टेंबर
पाऊस. बिंदुसरा दुथडी. मुंबईला निघणं पुढं ढकललं.

२७ ऑक्टोबर, सोमवार
भाऊबीज उरकून निघालो. दुपारी १ ची डेमू. बीड ते नगर साडेपाच तास. एसटी लवकर नेते, पण हिला धक्के सोसवत नाहीत. राजुरी, रायमोह, आष्टी. ही खिडकीशी, कापूस बघत. बोलली नाही.
नगरला पुन्हा रांग. पुढची गाडी सुपरफास्ट, माणशी १५ रुपये जादा. आधी विचारलं म्हणून बरं.

२९ ऑक्टोबर, कल्याण
खिडकीला मारुतीच्या शेपटाएवढी रांग. भाचा म्हणाला, मामा, मशीनवर काढा. मराठी निवडलं. नकाशावर ठिपकेच ठिपके. परळ सापडलं, पण डोळे परळीच वाचतात. बोट अडखळलं. मागचा म्हणाला, काका, आवरा. स्क्रीन आपोआप पहिल्या पानावर गेली.
शेजारच्या मशीनपाशी कार्ड घेऊन एक रिटायर्ड गृहस्थ. कुठं? किती? रिटर्न? तीन शब्दांत तिकीट हातात. कोमट होतं.

३ नोव्हेंबर
आज स्वतः काढलं. परळ, रिटर्न, सेकंड, प्रौढ २. क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले, तिकीट आलं. दोघांचं मिळून एकच चिठोरं. तेच बरं वाटलं, हरवायला एकच.

६ नोव्हेंबर
मला दवाखान्यात फाइलसाठी थांबावं लागलं. हिला भाच्याबरोबर पुढं पाठवलं. उतरलो तर टीसी. खिशात हात घातला. तिकीट हिच्या पर्समध्ये!
फोन लावला, लागेना. काढलं होतं हो, दोघांचं एकच आहे. तो तरी काय करणार? रोज असं ऐकत असेल. २५० दंड, वर भाडं. पावती घेतली. चाळीस वर्षं एसटीनं फिरलो, कधी विनातिकीट नाही.
हिला सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर
पावती शर्ट धुताना सापडली हिला. घडी करून उशीखाली ठेवली. मला काही बोलली नाही.

१० नोव्हेंबर
पहिला शेक. एकूण २५, शनिवार-रविवार सुट्टी. भाचा म्हणतो पास काढा. नवा पास खिडकीवर, ओळखपत्र लागेल. हिचं आधार बीडला, कपाटात.

११ नोव्हेंबर
मशीन. परळ, रिटर्न, प्रौढ १. पुन्हा परळ, रिटर्न, प्रौढ १. मागचे कुरकुरले. कुरकुरू देत.
हिच्या हातात हिचं दिलं. उलटंसुलटं पाहिलं तिनं.
"अहो, दोन कशाला? बरोबरच तर जायचंय."
साडेनऊची स्लो आली. हिला बसायला मिळालं.