आईच्या तळहातातली गाठ

काल आईच्या हाताचे टाके काढले. आता लिहायला हरकत नाही.

तीन वर्षांपासून तिच्या उजव्या तळहातात, अंगठ्याच्या बुडाशी, मऊ गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तालुक्याच्या रुग्णालयात दाबून बघितलं आणि सांगितलं, "चरबीची आहे मावशी, राहू द्या." शेजारच्या आजीने बिब्बा घालायला सांगितला, तेवढं आईने ऐकलं नाही, नशीब. एका खासगी दवाखान्यात पाण्याची गाठ समजून सुई घातली. पाणी आलंच नाही, पाचशे रुपये मात्र गेले.

मग रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पडायला लागली. भाकरी थापताना हात चालेना.

पहिल्या डॉक्टरांचं निदान चुकलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. गाठ चरबीचीच निघाली. पण पाठीवरची गाठ वेगळी आणि तळहातातली वेगळी. तळहातात नसा, रक्तवाहिन्या सगळं दाटीवाटीने असतं, गाठ वाढली की कशाला तरी दाबणारच. त्यात ती खोलवर असेल, ५ सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल, तर कॅन्सरची नाही ना हे एमआरआय करून बघावं लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जननी कागदावर चित्र काढून हे समजावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी समजावलं.

एमआरआयमध्ये आत सगळी चरबीच दिसली. काखेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला, दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवलं. गाठीवर नस ताणून चपटी झाली होती. ती आधी अलगद सोडवली, मग गाठ अख्खी काढली. बाटलीत बघितली, पिवळा गोळा नुसता. तपासणीचा रिपोर्टही साधाच आला.

आता मुद्दा. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात सोनोग्राफी मशीन आहे, पण खोलीला कुलूप. आठवड्यातून एक दिवस डॉक्टर येतात, तो गरोदर बायांचा. त्यांचं आधी व्हायलाच हवं. पण बाकीच्यांनी कुठं जायचं? पहिल्याच दिवशी सोनोग्राफी झाली असती तर गाठ पाण्याची नाही आणि खोल आहे, एवढं तरी कळलं असतं. सुई टळली असती. रुग्ण कल्याण समितीला मी लेखी दिलंय, सोमवारी पुन्हा जातोय. ज्यांना असा अनुभव आलाय त्यांनी कागदं घेऊन सोबत या.

आईच्या बोटांना अजून मुंग्या येतात, डॉक्टर म्हणाले काही महिने लागतील. भाकऱ्या सध्या मी थापतोय. नकाशे होतायत.