प्रयागच्या भट्टीवरचा नाताळ

मराठी माणसाला प्रयाग ठाऊक असते ते त्रिस्थळी यात्रेतील एक क्षेत्र म्हणून. काशी, प्रयाग आणि गया ही तीन नावे आपल्याकडे एका दमात उच्चारली जातात. घरातील वडीलधारी माणसे या यात्रेहून परतली की गंगाजलाचे गडू देवघरात ठेवीत आणि ऐपतीप्रमाणे मावंदे घालीत. त्या आठवणींमुळे प्रयाग म्हटले की संगम, अक्षय्यवट आणि माघस्नान एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु याच नगरीत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक निराळी लगबग चालू असते. संगमाच्या वाळूत माघमेळ्यासाठी तंबू रोवले जात असतात आणि पिप्यांचे पूल जोडले जात असतात. त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या भागात, सिव्हिल लाइन्समध्ये आणि आसपासच्या वस्त्यांत, घरोघरी मुरंबे चिरले जातात, तूप फेसले जाते आणि साहित्याने भरलेल्या पिशव्या बेकरीच्या वाटेला लागतात. उत्तर हिंदुस्थानात नाताळाला ‘बडा दिन’ म्हणतात. त्या मोठ्या दिवसाची ही तयारी होय.

शहराचे अलाहाबाद हे नाव २०१८ साली बदलून प्रयागराज असे झाले. केकला मात्र लोक अजून ‘अलाहाबादी केक’ म्हणूनच ओळखतात. हा केक येथे कसा रुजला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ साली, वायव्य प्रांताची राजधानी आग्र्याहून येथे आली. १८५९ साली कानपूरपर्यंत आगगाडी धावू लागली आणि १८६९ साली उच्च न्यायालयही आग्र्याहून येथे हलविण्यात आले. रुंद, सरळ रस्त्यांची सिव्हिल लाइन्स वसली. साहेब आले, वकील आले, रेल्वेचे चालक व गार्ड आले, शाळा चालविणारे मिशनरी आले. त्यांच्यासाठी प्रार्थनामंदिरे उभी राहिली. त्यांतील सर्वांत भव्य मंदिर म्हणजे ऑल सेंट्स कॅथीड्रल; गावकरी त्याला ‘पत्थर गिरजा’ म्हणतात. त्याचा आराखडा विल्यम इमर्सन या वास्तुशिल्पज्ञाचा. मुंबईच्या वाचकांस हे नाव अगदीच परके वाटू नये. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, हीसुद्धा त्याचीच रचना आहे.

या वस्तीबरोबर विलायती फळांचा केकही आला. त्याला ‘प्लम केक’ म्हणतात, पण त्यात आलुबुखार असलाच पाहिजे असे नाही. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही ‘प्लम’ म्हणत. भारतात हा केक जेथे जेथे गेला तेथे तेथे त्याने त्या मुलखाचे पाणी प्याले. मलबारातील तेलिचेरी, म्हणजे आजच्या तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी असा केक केला, आणि त्यात विलायती ब्रँडीऐवजी गावची दारू वापरली, अशी कथा सांगतात. प्रयागने तर याहून मोठी उलथापालथ केली. लोण्याच्या जागी साजूक तूप आले. साखरेत मुरविलेल्या परदेशी फळांच्या जागी पेठा आला. पेठा म्हणजे आपल्या कोहळ्याचीच मिठाई: कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवून, स्वच्छ धुऊन, साखरेच्या पाकात शिजवतात. मग संत्र्याचा मुरंबा आला, आल्याचा मुरंबा आला. आणि मसाल्याचा डबा उघडून सुंठ, बडीशेप, दालचिनी, जायफळ व जायपत्री यांची पूड घातली गेली. ही यादी वाचून एखाद्या मराठी गृहिणीला वाटेल, हे सारे तर माझ्याच फडताळात आहे! तिचे म्हणणे खोटे ठरणार नाही.

गेल्या डिसेंबरात हा केक तयार होताना पाहण्याचा योग मला आला. यजमानांचे घराणे तीन पिढ्या येथे राहिलेले हिंदी भाषिक ख्रिस्ती. घरात मुख्य सत्ता नानींची. त्या निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. मुलगी व जावई जवळच राहतात. मोठी नात पुण्याच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने खास रजा काढली होती. धाकटा नातू अकरा वर्षांचा. मनुका, बेदाणे आणि चिरलेले खजूर दिवाळीच्या सुमारासच रममध्ये भिजत घातलेले होते. ज्या घरांत मद्य वर्ज्य असते तेथे संत्र्याच्या रसात भिजवतात, पण तो रस टिकत नसल्याने आदल्या दिवशीच भिजवावे लागते. रम आणि साखर या दोहोंमुळे बुरशीला थारा मिळत नाही, आणि म्हणूनच असा केक कित्येक आठवडे उत्तम राहतो.

चिराचिरीचे काम संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती बसून होते. बाहेर धुके उतरलेले, खोलीत शेगडी पेटलेली. जावई पेठ्याचे बारीक चौकोनी तुकडे करीत होते, मुलगी संत्र्याची साल चिरीत होती, आणि माझ्या वाट्याला कोमट पाण्यातील बदाम सोलण्याचे काम आले. नातीने मात्र वेगळेच काम पत्करले होते. नानींच्या जुन्या वहीत मैदा एक किलो, साखर एक किलो, अंडी वीस, तूप किलोला थोडे कमी, अशी मापे स्पष्ट होती. परंतु मसाल्यांपुढे ‘अंदाजाने’ एवढाच एक शब्द होता. तो अंदाज नानींच्या बोटांत होता आणि ती बोटे आता कापू लागली होती. म्हणून नात लहान तराजू घेऊन बसली. नानी चिमूट उचलीत. नात ती आधी तराजूत टाकायला लावी आणि मगच वाडग्यात जाऊ देई. सुंठ वीस ग्रॅम. बडीशेप पंधरा. दालचिनी दहा. जायपत्री पाच. जायफळे दोन. नानी प्रथम हसल्या, मग थोड्या चिडल्या, आणि नंतर गंभीर होऊन प्रत्येक चिमूट सावकाश उचलू लागल्या. ही मोजणी कशासाठी चालली आहे हे त्या खोलीत सर्वांना कळत होते. बोलून कोणीच दाखविले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेकरीत गेलो. या शहरातील जुनी प्रथा अशी की, प्रत्येक घराने आपले साहित्य मोजून न्यायचे, कारागिराने ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फेटायचे आणि केवळ मजुरी व भाजणावळ घ्यायची. आपल्याकडेही उन्हाळ्याच्या सुट्टीत तूप, साखर व मैदा बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची रीत अनेक शहरांत होती. अनेक वाचकांना ती आठवत असेल. आमची बेकरी एका मुसलमान कुटुंबाची होती. रांगेत आमच्यापुढे रेल्वेतील एक गृहस्थ होते, मागे एक शाळामास्तर. आणि एक हिंदू वकीलही होते. त्यांच्या आजोबांपासून नववर्षासाठी हा केक करवून घेण्याचा त्यांच्या घरी प्रघात आहे.

फेटण्याचे काम एका रुंद परातीत हाताने चालते. थंडीने थिजलेले रवाळ तूप आणि साखर कारागीर तळहाताने गोलगोल फेसतो, नानकटाईला फेसतात तसेच. पिवळसर तूप पांढरे व हलके होईपर्यंत हात थांबत नाही. या फेसण्याने जी हवा कोंडली जाते तिच्यावर केकचा हलकेपणा अवलंबून असतो. मग एकेक करून अंडी, मग मसाला मिसळलेला मैदा, मग जाळलेल्या साखरेचा काळसर पाक. या पाकानेच केकला गडद तपकिरी रंग येतो. शेवटी फळे; पण त्यांना आधी कोरड्या मैद्यात घोळवून घेतात, म्हणजे ती तळाशी बसत नाहीत. नानी खुर्चीवर बसून सर्व पाहत होत्या. मध्येच त्यांनी हात उचलला. “भैया, अभी और,” त्या म्हणाल्या. कारागिराने तक्रार न करता आणखी पाच मिनिटे फेटले. त्याच्या वडिलांनीही नानींचे केक फेटलेले होते.

विटांची भट्टी पहाटे पावासाठी सणसणीत तापवलेली असते. पाव निघाल्यानंतर तिची प्रखर आच ओसरते आणि विटांत साठलेली ऊब हळूहळू बाहेर येऊ लागते. फळांच्या जड केकला नेमकी तीच मंद आच हवी असते. आच तेज असली तर वरची साल करपते आणि पोट कच्चे राहते. कागद लावलेल्या डब्यांत मिश्रण भरले गेले. प्रत्येक डब्याला नावाची चिठ्ठी; कोणाची इंग्रजीत, कोणाची हिंदीत, एक-दोन उर्दूतही. लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून डबे आत सरकले. पुढचा वेळ गप्पांत गेला. कोणाचा मुलगा कॅनडात स्थिरावला, कोणाची मुलगी बडा दिनासाठी येणार नाही, कोणाच्या घराला कुलूप लागले, ही सारी वार्ता त्या रांगेत कळते. १९४७ नंतर येथील अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी कित्येक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे निघून गेली. उरलेल्यांची मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी दूर जातात. अशा वेळी भट्टीसमोरची रांग ही एक प्रकारची हजेरीच असते.

परतताना रिक्षात नातीने मला सांगितले की, आता मापे हाती आली आहेत. पुढच्या वर्षी रजा मिळाली नाही तर ती पुण्यातच केक करणार आहे. “पण तिथे अशी भट्टी कुठली?” ती म्हणाली. नानींनी मांडीवरचा गरम डबा सावरला. “भट्टी मिळेल,” त्या म्हणाल्या, “कोणासाठी करायचा ते आधी ठरव.”

प्रयागचा केक बहुधा साधाच खातात. त्याला सजावट लागत नाही. परंतु या घरी एक केक नातवासाठी राखून ठेवतात. चोवीस तारखेच्या दुपारी त्याच्यावर संत्र्याचा मुरंबा पातळ करून फासला, म्हणजे वरचा थर चिकटून राहतो. मग सोललेल्या बदामांची पूड, पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा भाग एकत्र मळून केलेली पोळी त्यावर बसवली. ही पोळी हवीच. नाही तर केकमधील तूप वर येऊन पांढऱ्या साखरेवर तपकिरी डाग पडतात. तिच्यावर अंड्याचा पांढरा भाग, पिठीसाखर व लिंबाच्या रसाचे काही थेंब फेटून केलेला शुभ्र लेप दिला. विलायती चित्रांत अशा केकवर बर्फ आणि सूचिपर्णी झाडे असतात. नातवाने बदामाच्या उरलेल्या गोळ्यातून पेरू केले! अलाहाबादचे सुर्खा पेरू बाहेरूनही लालसर असतात, म्हणून त्याने प्रत्येक पेरूच्या गालावर खाण्याचा लाल रंग बोटाने चोळला आणि देठाच्या जागी एकेक लवंग खोचली. असे सात पेरू त्या पांढऱ्या केकवर बसले. नानींनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला आणि ते मोजले. मग प्रत्येक पेरू कोणाच्या वाट्याचा हे त्यांनी सांगून टाकले.

नाताळाच्या दिवशी प्रार्थनेहून आल्यावर थाळ्या निघाल्या. शेजारच्या घरात अंडे चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दही घालून वेगळा केक केलेला होता. समोरच्या घरी मिठाईची थाळी आधी पोहोचली पाहिजे, कारण तेथील आजोबा दुपारी झोपतात, असे बारकावे नातवाला तोंडपाठ होते. संध्याकाळपर्यंत त्याच थाळ्या परत आल्या, पण रिकाम्या नव्हे. कोणात गाजराचा हलवा होता, कोणात तिळाचे लाडू. शेजारणीची थाळी रिकामी परत पाठवू नये हा आपल्याकडील संस्कार प्रयागातही तसाच पाळला जातो. ईदला शेवया आणि होळीला गुजिया याच थाळ्यांतून फिरतात.

आता मागविताच घरपोच केक मिळतो, आणि तो चांगलाही असतो. तीन दिवस खपून, मुरंबे चिरून, रांगेत उभे राहून केक करणे ज्यांना शक्य नाही त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र या घरच्या केकची घडण पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. तूप कोणाचे, पेठा कोणाचा, मसाला कोणाचा, हात कोणाचा, भट्टी कोणाची! एका घराला एकट्याने करता येईल असा हा पदार्थच नाही. इतक्या माणसांकडे वर्षातून एकदा जावेच लागते. आणि जावे लागते म्हणून ओळख राहते. हा केक परदेशी की आपला, असा प्रश्न भट्टीपुढच्या रांगेत कोणी विचारीत नाही. तेथे एवढेच विचारतात की, तुमचा नंबर कितवा.

वाचकांपैकी कोणी पुढील डिसेंबरात त्रिस्थळी यात्रेला निघाले, तर संगमावरून परतताना त्यांनी सिव्हिल लाइन्समधून अवश्य चक्कर मारावी. पत्थर गिरजा पाहावा, सुर्खा पेरू घ्यावेत, आणि एखाद्या जुन्या बेकरीशी घटकाभर थांबावे. सुंठ, जायफळ आणि भाजलेल्या तुपाचा वास रस्त्यापर्यंत येतो. त्यामुळे पत्ता विचारावा लागत नाही.