माणगावचं देणं

नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांना तेविसावं वर्ष चालू होतं. गाव पळसगाव, तालुका माणगाव; जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. मी भातकुलीचा. त्यांच्या आणि माझ्या गावाच्या मधे सगळा महाराष्ट्र आडवा पसरलेला. ना नात्याचे, ना गोत्याचे. मी जन्मलो त्याच्या कितीतरी आधी ते गेले. तरीही माझ्यावर ज्या माणसांचं ऋण आहे त्यांची नावं घ्यायला बसलो, की आईवडिलांच्या आणि माझ्या गुरुजींच्या मागोमाग त्यांचं नाव येतं.

वऱ्हाडातली डी.एड. झालेली पोरं नोकरीसाठी कोकणात जातात, हे आता आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. मला रायगडची ऑर्डर आली. माय म्हणाली, "एवढ्या दूर कायले देल्लं रे बावा त्यायनं?" भातकुली खारपाणपट्ट्यात येते. विहिरीला पाणी असलं तरी ते तोंडात धरवत नाही. काळी, भेगाळणारी जमीन; कपाशी, तूर, मूग, सोयाबीन; आणि अर्धा पावसाळा आभाळाकडे डोळे. तिथून उठलेला मी थेट माणगाव तालुक्यात जून महिन्यात उतरलो. चार-चार दिवस सूर्य दिसायचा नाही. दोरीवरचे कपडे वाळायचे नाहीत, वह्यांची पानं एकमेकांना चिकटायची. ज्वारीची भाकर मिळेना, तांदळाची भाकरी पोटाला ओळखेना. आल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीचा अर्ज कसा करायचा, एवढंच डोक्यात.

ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो ते वयस्कर शेतकरी एकदा कामानिमित्त तालुक्याला निघाले आणि मलाही सोबत घेऊन गेले. तहसील कचेरीजवळ पुतळ्यापाशी थांबले, पायातल्या चपला काढल्या, हात जोडले. मला म्हणाले, "गुरुजी, हे आमचे यशवंतराव. व्हिक्टोरिया क्रॉस. ह्यांचं नाव ठाऊक नसेल तर ह्या तालुक्यात मास्तरकी करता यायची नाही." त्यांच्या बोलण्यात दटावणी नव्हती. घरातल्या वडीलधाऱ्याची ओळख करून द्यावी तशी त्यांनी ती करून दिली.

त्या दिवसापासून मी विचारत सुटलो. परगावचा मास्तर यशवंतरावांची चौकशी करतोय म्हटल्यावर माणसं ओटीवर बसवून घ्यायची, चहा यायचा, मग जेवायलाच थांबा म्हणायची. त्यांच्या नावावर मला त्या तालुक्यात घरं मिळाली. एकटेपणा गेला. अर्ज मागे पडला. माझं पहिलं ऋण हे असं आहे, अगदी व्यवहारातलं.

आता त्या दिवसाची हकिगत. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. ही पलटण मार्च १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत लढलेली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात ती इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात उत्तरेकडे सरकत होती. जर्मन फौज एकेक टेकडी लढवत मागे हटत होती. १० जुलैला मराठ्यांच्या एका कंपनीनं शत्रूच्या बळकट मोर्च्यावर हल्ला चढवला. यशवंतराव त्यातल्या एका सेक्शनचे प्रमुख. सेक्शन म्हणजे दहाएक माणसं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांची सगळी माणसं मेली किंवा जखमी होऊन पडली. उभे राहिले ते एकटेच.

मागे कोणी येणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. तसेच ते मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. दुसऱ्याला टॉमीगननं टिपलं. एवढ्यात काडतुसं संपली. नवं मॅगझिन चढवायला सवड नव्हती. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना मारलं. मोर्चा हाती आला आणि त्याच वेळी दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. एकट्यानं जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

बंदूक उलटी धरण्यापाशी मी दर वेळी थांबतो. गोळीबारानं तापलेली नळी उघड्या हातांनी घट्ट आवळायची. तो हात शेतकऱ्याच्या पोराचा होता. पळसगावच्या शिवारात जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे भातलावणीचे दिवस. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं, हातात रोपाची जुडी, अंगावर पाऊस. मी त्या दिवसांत शाळेतून परतताना ही लावणी बघत उभा राहायचो. गावातली बरोबरीची पोरं चिखलात वाकलेली असतील त्याच दिवसांत हा पोरगा परक्या मुलखातल्या कोरड्या टेकडीवर पडला, आणि घरी ते कळायला किती दिवस लागले असतील, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही.

नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या राजपत्रात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पदक घ्यायला ते स्वतः नव्हते. त्यांची वेगळी समाधीही नाही. मृत्यूनंतर ज्यांचा ठाव लागला नाही अशांची नावं इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचं एक नाव आहे.

बदली होऊन वऱ्हाडात परतल्यावर मी हे सांगायला लागलो, तेव्हा एका सहकाऱ्यानं सरळ विचारलं, "पण गुरुजी, ते तर इंग्रजांसाठी लढले ना?" प्रश्न रास्त आहे आणि वऱ्हाडी माणसानं तो विचारलाच पाहिजे. ऑगस्ट १९४२ मध्ये आमच्या अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा इथल्या माणसांनी इंग्रज सरकारच्या गोळ्या छातीवर घेतल्या. यावली आज 'यावली शहीद' म्हणून ओळखली जाते. त्या मातीत उभं राहून इंग्रजांच्या फौजेतल्या नायकाचं कौतुक कसं करायचं?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझं मत ठाम आहे. यावलीच्या माणसांचं देणं वेगळं आणि यशवंतरावांचं देणं वेगळं; एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही आणि एकामुळे दुसरं बुडतही नाही. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या घरात हिंदी माणसं सैन्यात होती. त्यातली बहुतेक खेड्यांतली. कोणी पगारासाठी गेला, कोणी घराण्याची रीत म्हणून, कोणी घरची जमीन पोटाला पुरत नव्हती म्हणून. युद्ध कोणाविरुद्ध पुकारायचं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण समोर उभी होती ती हिटलरची फौज, आणि टायबरच्या खोऱ्यातल्या गावकऱ्यांच्या मानेवरचं जोखड उतरलं ते या पोरांच्या रक्तानं. इटलीच्या त्या मोहिमेत पाच हजार सातशेहून जास्त हिंदी सैनिक मेले. तिथं दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे. त्यातला आणखी एक मराठाच, निमजचे नामदेव जाधव. ते एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी लढले आणि जिवंत परत आले.

त्या गावकऱ्यांनी ते विसरलं नाही. जुलै २०२३ मध्ये पेरूजा प्रांतातल्या मोंतोने या छोट्या डोंगरी गावात तिथल्या नगरपालिकेनं आणि लष्करी इतिहासकारांनी यशवंतरावांचं स्मारक उभं केलं. ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात, आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ती बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात दुसरं काही शिकवलं नाही. पोरांना घेऊन शाळेच्या आवारात गेलो. एकानं घरून तुऱ्हाटी आणली, ती जमिनीत रोवली. तासातासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. दुपारी एक पोट्टी म्हणाली, "सर, आता त्यायच्या गावात बी सावली पडली असंन?" मी नकाशा काढला. पळसगाव, भातकुली, मोंतोने. कुठं आधी सूर्य येतो, कुठं मागून, हे पोरांनी स्वतः शोधून काढलं.

आणि दुसरं ऋण इथून सुरू होतं.

पोरांनी विचारलं, "सर, यशवंतराव लहानपणी कसे होते? त्यायले काय आवडे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणगावातही मी जितक्या ओट्यांवर बसलो तितक्या ओट्यांवर तीच शेवटची पाच मिनिटं ऐकली होती: हातबॉम्ब, टॉमीगन, दस्ता. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, ही तारीख मिळते. मधली बावीस वर्षं कुठं गेली? पोहायला कोणत्या डोहात जायचे, कोणाशी भांडायचे, भरतीला निघाले तेव्हा आईनं काय बांधून दिलं, हे ज्यांना माहीत होतं ती माणसं एकेक करून गेली. मरण सरकारी कागदावर बारकाईनं लिहिलं गेलं, जगणं लिहायला कोणी बसलं नाही. आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

आमच्या वऱ्हाडातही पोरं गेली आहेत. १८ सप्टेंबर २०१६ च्या उरी हल्ल्यात नांदगाव खंडेश्वरचे जवान उईके गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये काश्मीरमधल्या शोपियांत अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत अकोला जिल्ह्यातल्या लोणाग्र्याचे सुमेध गवई गेले. त्या दोन-चार दिवसांत गावात गाड्या येतात, मंत्री येतात, कॅमेरे येतात, तिरंग्यातली पेटी येते. पुढं चौकात फलक लागतो. त्यावर नाव, तारीख, युनिट. पन्नास वर्षांनी तिथलं एखादं लेकरू आपल्या मास्तराला विचारेल, त्यायले काय आवडे, तेव्हा फलकाला उत्तर देता येणार नाही.

म्हणून आम्ही शाळेत एक वही केली. साधी, दोनशे पानी. गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून फौजेत गेलेल्या प्रत्येकाच्या घरी पोरांनी जायचं आणि विचारून लिहून आणायचं. लढाईचं विचारायचं नाही, हा नियम. घरचं, शेतातलं, शाळेतलं विचारायचं.

महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. १९७१ च्या लढाईत होते. प्रजासत्ताक दिनाला त्यांना शाल मिळते, नारळ मिळतो, भाषण ऐकावं लागतं. पोरांनी विचारलं, भरती होऊन सागरच्या सेंटरला पहिल्यांदा निघाले तेव्हा सोबत काय होतं? म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मले हे आजवर कोनं इचारलंच नाही बावा. मायनं आठ भाकरी अन् ठेचा बांधून देल्ला होता. बडनेऱ्याहून गाडी. इटारसीवरी पुरवल्या म्या त्या." मग ते थांबेनात. कोणत्या शेतात हरभरा चोरून खाल्ला इथपासून गुरुजींनी कोणत्या चुकीला छडी मारली इथपर्यंत सगळं वहीत आलं.

दुसऱ्या एका घरी पोरगा सध्या सीमेवर आहे. त्याच्या आईनं काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव. आत त्याची दहावीची गुणपत्रिका, आखाड्यातला लंगोट आणि भरतीच्या तयारीचे जुने बूट. अमरावती रस्त्यावर पहाटे अंधारात तो सोळाशे मीटर पळायचा, साडेपाच मिनिटांच्या आत यायचं म्हणून. बुटांच्या टाचा आतून पार झिजलेल्या, पुढं सोल सुतळीनं शिवलेला. आई म्हणाली, "नवे घे म्हनलं तर म्हने, भरती झाल्यावर सरकार देते." हे वाक्य माझ्या विद्यार्थिनीनं जसंच्या तसं लिहिलं आहे, मी त्यातला एक शब्दही सुधारला नाही.

ही वही यशवंतरावांनी माझ्याकडून लिहवून घेतली, असं मी मानतो. त्यांच्या गावानं माझ्यासारख्या उपऱ्याला पोटाशी धरलं आणि त्यांच्या हरवलेल्या बावीस वर्षांनी मला माझ्या गावाकडे पाहायला शिकवलं. पळसगावची ती वर्षं आता कोणालाही परत मिळवता येणार नाहीत. भातकुलीची मात्र अजून मिळतात.

हे वाचणारे तुम्ही कुठल्याही गावचे असा, तुमच्या आळीत फौजेतल्या पोराचं एखादं घर असेलच. त्याची आई, आजी, वर्गमित्र, त्याला पोहायला शिकवणारा कोणी अजून हयात असेल. या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जा, जमिनीवर बसा आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. पोरगा सुखरूप सुट्टीवर आलेला असेल तर त्यालाही वाचून दाखवा.