गोमुख मागे, दर्या पुढे

वसई-विरारच्या डोंगरवेड्यांचे पाय तुंगारेश्वर आणि कामणदुर्गावर तयार होतात. पुढे सह्याद्रीतले गडकोट पालथे घालून झाले की हिमालयाचे वेध लागतात, आणि बऱ्याच जणांच्या मनात पहिलं नाव येतं ते गोमुखाचं. लहानपणापासून देव्हाऱ्यातला गंगेचा सीलबंद गडू पाहिलेला असतो. ते पाणी निघतं कुठून, हे डोळ्यांनी बघायची ओढ मोठी असते.

रेल्वेने हरिद्वार, मग उत्तरकाशीवरून गाडीने गंगोत्री. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ३१०० मीटर उंचीवर देवळाच्या पायऱ्या चढतानाही धाप लागते. म्हणून तिथे एक मुक्काम करावाच. पुढचे १८ किलोमीटर भागीरथीच्या काठाने पायी. चिरबाशापर्यंत देवदार-चीडाची सावली मिळते. भोजबाशाला मात्र ज्यांच्यावरून जागेला नाव पडलं ती भोजपत्राची झाडं आता विरळ झाली आहेत. कित्येक सरपणात गेली. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी तिथे भोजपत्राची रोपं पुन्हा लावली. इतक्या थंडीत, दगडधोंड्यांत झाड जगवणं हे शिखर सर करण्याइतकंच मोठं काम आहे.

आणि मग गोमुख. पांढऱ्याशुभ्र बर्फाची कल्पना करून आलेला माणूस क्षणभर गोंधळतो. समोर असते दगडमातीने माखलेली राखाडी भिंत, तिला पडलेल्या हिरव्यानिळ्या भेगा, आणि तळातून उसळत बाहेर पडणारं गढूळ पाणी. वर शिवलिंग शिखर, ६५४३ मीटर. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीचं हे टोक. अधूनमधून बर्फाचा कडा तुटतो, त्याचा आवाज दरीभर घुमतो. म्हणून फार जवळ जाऊ नये.

हे टोक एका जागी थांबलेलं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये त्याचा नकाशा केला. तेव्हापासून १९९६ पर्यंत, म्हणजे ६१ वर्षांत, हिमनदी ११४७ मीटर मागे गेली. वर्षाला सरासरी १९ मीटर. जवळपास विरार लोकलचा एक डबा. त्यानंतरही ती मागेच सरते आहे. गंगोत्रीचे स्वामी सुंदरानंद अनेक दशकं कॅमेरा घेऊन हा हिमालय टिपत राहिले. डिसेंबर २०२० मध्ये ते गेले. आकड्यांवर ज्याचा विश्वास बसत नाही, त्याने त्यांची छायाचित्रं पाहावीत.

आल्प्समध्येही हेच. फ्रान्सच्या मेर द ग्लास हिमनदीवर उतरण्यासाठी लोखंडी जिने लावले होते. बर्फ खाली गेला तशा पायऱ्या वाढवाव्या लागल्या. शेवटी त्या पाचशेच्या वर गेल्या. वाटेत पाट्या दिसत: अमुक वर्षी बर्फ इथवर होता.

वितळलेलं पाणी शेवटी समुद्राला मिळतं. २००० ते २०१९ या काळात जगभरच्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २६७ अब्ज टन बर्फ गमावला, आणि त्या काळात समुद्राची पातळी जितकी वाढली तिचा साधारण पाचवा हिस्सा एवढ्यातूनच आला. गंगा बंगालच्या उपसागराला मिळते हे खरं, पण समुद्राला बांध नसतो. गोमुखाला मागे सरलेलं पाणी वसईकराच्या दाराशी पुढे येतं, ते असं.

वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा किल्ल्याचं बेट आहे. पेशव्यांनी १७३७ मध्ये बांधून घेतलेला बुरुजांचा किल्ला आणि त्याला बिलगून कोळ्यांची वस्ती. उधाणाच्या लाटांनी इथला किनारा खाल्ला, घरं पाडली. याचा सगळा दोष हिमनद्यांवर टाकणं बरोबर नाही. वैतरणेतला वाळूउपसा आहे, बदलते प्रवाह आहेत. पण आधीच पोखरलेल्या किनाऱ्यावर समुद्र बोटभर जरी चढला, तरी उधाणाचं पाणी आणखी आत शिरतं. ज्यांचा हिमनद्या वितळवणाऱ्या तापमानवाढीत वाटा सर्वात कमी, त्यांच्याच ओटीपर्यंत ते पोहोचतं. हे अन्यायाचं आहे.

गोमुखाला जरूर जावं. वनखातं दिवसाला १५० जणांनाच परवाना देतं, तेव्हा तो आधी काढावा आणि आपला कचरा आपण परत आणावा. घरी आल्यावर, पावसाळा सरला की, होडीने अर्नाळा किल्ल्यावरही जावं, धुपलेल्या काठाने चालावं, आणि तिथल्या लोकांची धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी आपलीच समजून लावून धरावी.